खाली धूर, वर झोप

पहाटेची झोप किती गाढ असते, हे का तुम्हाला सांगायला हवं? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूर-किल्लारी भागातली दगडमातीची घरं अशाच झोपलेल्या माणसांवर कोसळली. आदल्याच दिवशी गणपती बोळवून मंडळी दमून निजली होती. तेव्हापासून त्या भागात घर बांधायचं म्हटलं की भिंतीचा, छताचा विचार आधी होतो. आगीचा मात्र अजून कुणी फारसा करत नाही. भूकंप हाक मारून येत नाही. आग आधी धूर पाठवते, आणि वेळेत जाग आली तर दाराबाहेर पडता येतं.

पण जाग येणार कशी? वासानं येईल, असं आपण धरून चालतो. त्यावर विसंबू नका, बायांनो. झोपेत नाकही झोपलेलंच असतं, आणि धुरातला विषारी वायू माणसाला नकळत बेशुद्ध करतो.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ला हेच घडलं. पहाटे चारच्या सुमारास तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली, त्यांत दोन लेकरं. आग त्यांच्यापर्यंत पोचलीही नव्हती. धुरानं गुदमरून मृत्यू झाले, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे दुकान आणि मागे किंवा माडीवर बिऱ्हाड, अशी घरं सास्तूर, लोहारा, उमरगा, कुठल्याही बाजारपेठेत पाहा. तुमचंही कदाचित तसंच असेल.

धूर ओळखून कर्कश वाजणारा स्मोक अलार्म हल्ली पुष्कळांना ठाऊक आहे. पण तो एकटाच दुकानात लावला, तर शटरच्या आत वाजत बसेल. वर दार लावलेलं, पंखा नाहीतर कूलर घरघरतोय, कोण ऐकणार? म्हणून एकमेकांना जोडलेले अलार्म घ्यावेत. एकाला धूर लागला की घरातले सगळे एकदम वाजतात, तुमच्या उशाशीसुद्धा. बिनतारी मिळतात, त्यामुळे भिंती फोडाव्या लागत नाहीत. दुकानदाराला ‘इंटरकनेक्टेड’ असंच सांगा आणि सगळे एकाच कंपनीचे घ्या; वेगवेगळ्या कंपन्यांचे सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. घरात आधीचा साधा असेल तर तोही बहुधा या साखळीत बसणार नाही.

स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२पासून प्रत्येक घराला असे जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत. बैठकीच्या खोलीत एक, प्रत्येक मजल्याच्या बोळात एक, आणि स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा. ही शेवटची गोष्ट आपल्याला तर फारच लागू! मिरच्यांची फोडणी पडली की घरभर बोंब, सासूबाई वैतागणार, आणि दोन दिवसांत कुणीतरी बॅटरी काढून ठेवणार.

अलार्म छतालाच लावा, पण पंख्यापासून दूर. वाऱ्यानं धूर उडून जातो. समई-उदबत्तीच्या डोक्यावरही नको. इन्व्हर्टर ठेवलाय किंवा रात्री गाडीची बॅटरी चार्जिंगला लावता, तिथं एक हवाच. महिन्यातून एकदा दुकानातल्या अलार्मचं बटण दाबा आणि मुलाला माडीवर दार लावून, पंखा चालू ठेवून उभं करा. त्याला ऐकू आलं पाहिजे. दहा वर्षं झाली की अलार्म नवा घ्यायचा, वाजत असला तरी. आणि एक, गॅसची गळती यातल्या कुठल्याच अलार्मला कळत नाही. तिचं यंत्र वेगळं, आणि सिलिंडरचा गॅस जड असल्यानं ते जमिनीलगत लावतात. गळतीसाठी फोन १९०६, आगीसाठी १०१ किंवा ११२.

आता खरा अवघड प्रश्न. जाग आली, पण जिना दुकानातच उतरतो आणि खिडक्यांना पक्क्या जाळ्या. मग जायचं कुठून? बहुतेक घरांत उत्तर गच्ची हेच असतं, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली असते कपाटात, साड्यांच्या घडीखाली. ती आज रात्रीच गच्चीच्या दाराशेजारी खिळ्याला अडकवा, हात पोचेल इतक्या उंचीवर, आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्यालाही ती काढायला लावून पाहा.