पाखरू जाळ्यात, माणूस कायद्यात

आपल्या होस्टेलवर सध्या कबुतरांवरून दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते, पकडणाऱ्याला बोलवा, जाळं लावा आणि पोत्यात भरून दूर सोडून या. दुसरी म्हणते, मुक्या जिवाचं पाप लागेल. मला मात्र दोनच प्रश्न पडले. हे कायद्यात बसतं का? आणि त्याने कबुतरं खरंच कमी होतात का?

हा वाद होस्टेलपुरता नाही. आपला रामटेक तालुका धानाचा. दाणा दुधात आला की मुनिया, सुगरण, पोपट यांचे थवे बांधीवर उतरतात. माझं घर शेतकऱ्याचं, त्यामुळे गोफण, डबा आणि बुजगावणं घेऊन केलेली राखण मला ठाऊक आहे. हल्ली राखणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. मग कुणीतरी नायलॉनचं बारीक जाळं उभं करतं. नुकसान खोटं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता कायदा बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फासा किंवा सापळा लावणं, आमिष टाकणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच! पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला धक्का लावणंही त्यातच येतं. म्हणजे "आम्ही पकडून सोडून दिला" ही सबब चालत नाही. आपला नेहमीचा पोपट आज या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याला पकडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पूर्वी 'उपद्रवी प्राण्यां'चं एक वेगळं परिशिष्ट होतं, त्यात कावळाही होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते गेलं. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारने ठराविक भागासाठी आणि ठराविक मुदतीसाठी तशी अधिसूचना काढावी लागते. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतात. त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. पण शेतमालकाने किंवा वॉर्डनने परस्पर ठरवायचं नाही.

मग शेतकऱ्याने नुसतं बघत बसायचं? नाही. वर्धा जिल्ह्यात २०१६ साली पोपटांनी डाळिंबाच्या बागेचं नुकसान केलं. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पोपट वन्यप्राणीच आहे, तेव्हा भरपाई द्या, असं खंडपीठाने सरकारला सांगितलं. मला हे अगदी पटतं. पाखरू सगळ्यांचं, तर त्याने खाल्लेल्या दाण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर का?

कबुतराला तर १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहेच. तो माणूस सोडून प्रत्येक जिवाला लागू होतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! आपल्या कँटीनमध्ये एवढ्यात धड नाश्ताही होत नाही. पण दंड कमी म्हणून वेदना कमी होत नाही. जाळ्यात अडकलेला पक्षी जितका फडफडतो तितका दोरा आत रुततो. पंख मोडतो, उन्हात तहानेने जीव जातो. घरट्यात पिल्लं असतील तर तीही उपाशी मरतात.

एवढं करून उपयोग होतो का? स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं पकडून आणि गोळ्या घालून मारली. शहरातली संख्या तरीही साधारण २० हजारांवरच राहिली. कारण सोपं आहे. अन्न तेवढंच राहिलं, त्यामुळे रिकामी जागा नव्या पिल्लांनी भरली. १९८८ पासून त्यांनी लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं आणि सुमारे चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा चिमण्यांबरोबर किडे खाणारी तोंडंही गेली, आणि १९६० मध्ये चिमणीचं नाव यादीतून काढावं लागलं. आपली सुगरणही पिल्लांना किडे भरवते. राहिलं दूर नेऊन सोडणं. अहो, ज्या पक्ष्याकडून माणसाने निरोप पोचवले, तो परत येणार नाही तर काय!

तेव्हा उपाय आपल्याच हातात आहेत. मेसच्या मागे पडणारा उरलेला भात झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. सज्ज्यावर ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी फळी ठोका, म्हणजे बसायला जागाच उरणार नाही. हे काम सिव्हिलवाले एका रविवारात करतील. गॅलरीला जाळी लावा, पण ताणून. सैल जाळी म्हणजे पुन्हा सापळाच. त्याआधी घरटं बघा. अंडी उबायला १८ दिवस आणि पिल्लू उडायला साधारण महिना लागतो, तेवढं थांबा. शेतात चमकणारी पट्टी बांधा, आणि गावाने एकाच मुदतीचं वाण एकाच वेळी लावलं तर नुकसान एकट्याच्या बांधीत न होता वाटलं जातं. अडकलेला पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पकडणाऱ्याला द्यायला जी वर्गणी काढणार आहात, ती फळ्या आणि झाकणाच्या डब्यांसाठी काढा. पहिले पैसे माझे.