वेगकॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे यंत्र

चंडीगडचा मध्य मार्ग रुंद नि सरळ. वेग कधी वाढला हे चालकास कळतही नाही. २०२२ मध्ये तेथे एकात्मिक नियंत्रण केंद्र सुरू झाले आणि कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उल्लंघनांची ई-चलाने निघू लागली. साहजिकच डॅशबोर्डवरील सूचक यंत्राचा मोह होतो. रडारच्या लहरी हे यंत्र दुरूनच ओळखते. लेझरचा किरण मात्र अत्यंत अरुंद, त्यामुळे इशारा मिळेपर्यंत वेग बहुधा मोजला गेलेला असतो. उपग्रहाधारित यंत्रास केवळ नोंदविलेल्या जागा ठाऊक. पोलिसांची फिरती गाडी त्यास कशी दिसावी? २०१९ च्या दुरुस्तीनुसार हलक्या मोटारीस अतिवेगाबद्दल १,००० ते २,००० रुपये दंड आहे. गुन्हा पुन्हा घडल्यास परवानाही जप्त होतो.