गाडीचा नंबर आणि ६१७४

जिंतूरच्या स्टँडवर परभणीच्या एसटीची वाट बघताय? मग मोबाइल खिशात टाका. रस्त्यावरून जाणाऱ्या एमएच-२२ गाडीचा चार आकडी नंबर घ्या. समजा, ३५२४. याच अंकांची सगळ्यात मोठी संख्या मांडा, त्यातून सगळ्यात लहान वजा करा. ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. अजून एकदा. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च! चारही अंक सारखे नसले, की कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथंच येतो. मध्येच तीन अंकी उत्तर आलं, तर पुढे शून्य लावायचं.

हे शोधलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. लहानपणापासून कोड्यांचं वेड, मोठेपणी देवळालीत शाळामास्तर. त्यांच्या या खेळाला आपल्याकडचे काही गणिती हसायचे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं आणि जगाला कापरेकर कळले.

तुमच्या घरातही एखादं कार्टं असेलच. कधी आकड्यांचं कोडं घालणारं, कधी ‘दादा, “रामाला भाला मारा” उलटं वाच ना!’ म्हणत मागं लागणारं. आपण काय म्हणतो? ‘जा रे, अभ्यास कर.’ आपल्यालाही कुणीतरी असंच हाकललं होतं. मग गणित म्हणजे नुसते मार्क उरले.

आज त्याला हाकलू नका. वही घ्या, शेजारी बसवा, ६१७४चा खेळ शिकवा. उत्तर मात्र आधी सांगू नका!