गहू वगळून मुंबई: काय मागवाल, काय टाळाल?

जगात साधारण शंभरातल्या एकाला सिलिॲक हा आजार असतो. गहू किंवा बार्लीतलं ग्लुटेन पोटात गेलं की अशा माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. यावर गोळी नाही, पथ्य तेवढं, तेही जन्मभराचं. म्हणून हॉटेलची पायरी चढायचीच नाही का? मुंबईत खुशाल चढा. फक्त मेनूकार्डाआधी कढईची चौकशी करा.

एकादशी नसली तरी दुप्पट खाशी
साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची पुरी, शिंगाड्याचा शिरा. उपवासाला गहू वर्ज्य, त्यामुळे मेनूतला हा रकाना जवळपास आपोआप ग्लुटेनमुक्त. साबुदाणाही धान्याचा नाही, कसाव्याच्या कंदाचा. त्यात सोवळं पाळणाऱ्या हॉटेलात उपवासाच्या तळणाची कढई वेगळी असते. काळजी पुण्याची, फायदा आतड्याचा!

वडा आपला, पाव परका
बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पाव मैद्याचा. नुसता वडा घेतला की झालं? नाही. त्याच तेलात आधी समोसे तळले असतील तर वडाही बाद. उकळत्या तेलानेही ग्लुटेन नष्ट होत नाही.

भेळेतला फितूर
कुरमुरे तांदळाचे, शेव बेसनाची. घात करते ती वरून चुरलेली पुरी. भेळवाल्याला आधीच सांगा. शेवपुरी आणि पाणीपुरीला मात्र लांबूनच रामराम.

इडली पास, रवा इडली नापास
साधी इडली तांदूळ आणि उडदाची. रवा म्हणजे गहूच. बेंगळुरूच्या एमटीआरचा दावा असा की, दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रवा इडली त्यांनीच जन्माला घातली. काही ठिकाणी डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात रवा ढकलतात, तेही विचारून घ्या.

चिमूटभर हिंग
खडा हिंग फार उग्र, म्हणून डबीतल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. ते पीठ पुष्कळदा गव्हाचंच. म्हणजे इडली निर्दोष, सांबार संशयित!

सुरमईचा अंगरखा
मालवणी खानावळीत तुकडी रव्यात घोळवून तळतात. 'तांदळाच्या पिठात द्या' म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी देतात. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी असली की पोळीची आठवणही येत नाही.

भाजणीतला छुपा गहू
ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळींबरोबर थालीपिठाच्या भाजणीत बहुधा मूठभर गहूही असतो. उपवासाची भाजणी वेगळी, ती चालते.

ज्वारी शुद्ध, गिरणी नाही
ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पिठाला चिकटपणा कमी. भाकरी चिरू नये यासाठी गरम पाण्यात मळतात. 1995 साली आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, तेव्हा 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द कुणाच्या गावीही नव्हता. अडचण गिरणीत आहे. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली तर पिठात गहू आलाच.

काळं पाणी
चायनीजमध्ये नूडल्स टाळून फ्राइड राइस मागवला, तरी सुटका नाही. नेहमीचा सोया सॉस सोयाबीनबरोबर गहू आंबवून करतात.

किलोमागे 20 मिलिग्रॅम
भारतात पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवं. इतक्या कडक हिशेबात पोळीच्या तव्यावर शेकलेली भाकरी सहज नापास होते.

पाव संपला, मुलं सुधारली
1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि सिलिॲकची मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावरचा जुना संशय त्यामुळे पक्का झाला.

आता कामाचं. वेटरला 'ग्लुटेन' म्हणू नका. 'गहू, मैदा, रवा, यातलं काहीच चालत नाही, तेल आणि तवाही वेगळा हवा' असं सांगा. नुसतं 'गहू' म्हटलंत तर मैदा बिनदिक्कत ताटात येईल. गर्दीची वेळ टाळा, म्हणजे तो आत जाऊन महाराजांना विचारून येईल. आणि उत्तर गुळमुळीत आलं, तर सरळ शहाळं प्या आणि पुढचं हॉटेल गाठा.