मुलगा पाण्याखाली, आई काठावर

“काय हो, तुमचा धाकटा नेव्हीत ना? मग सध्या कुठल्या देशात असतो?”

हळदीकुंकवाला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. मी वाण पुढं करते आणि म्हणते, “समुद्रात असतो.” विचारणारी हसते. तिला वाटतं, मी थट्टा करतेय. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, ह्याहून जास्त मलाही माहीत नसतं. माझा मुलगा पाणबुडीवर आहे.

आमच्या कराडच्या बाजूला घरटी एक फौजी सापडेल. सुट्टीवर आलेला जवान, त्याची काळी ट्रंक, मनिऑर्डरची वाट पाहणारी म्हातारी, हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण पाणबुडी? तो शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता, तेवढाच. बारावी झाल्यावर हा नौदलात भरती झाला, ओडिशात चिल्क्याला ट्रेनिंगला गेला, तेव्हा मला वाटलं, पांढरा गणवेश, मोठं जहाज, देशोदेशीची बंदरं. दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि जेवता जेवता म्हणाला, “आई, मी सबमरीनला नाव दिलंय.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. डोळ्यांपुढं उभं राहिलं 2013 सालचं वर्तमानपत्र. 14 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि अठरा जण गेले. तेव्हा मी त्या आयांसाठी हळहळले होते. आता माझाच मुलगा तिथं जायचं म्हणत होता, तेही कुणी सक्ती केलेली नसताना! पाणबुडीवर स्वखुशीनं जायचं असतं. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “अगं, नको म्हणून तो थांबणार आहे का? निदान ते काय आहे ते समजून तरी घे.”

आधी पाहून घ्या

माझा पहिला सल्ला हाच. भीती वाटते ती न पाहिलेल्या गोष्टीची. त्याचं पाणबुडीचं ट्रेनिंग विशाखापट्टणमला ‘सातवाहन’ ह्या नौदलाच्या संस्थेत होतं, म्हणून आम्ही दोघं तिकडं गेलो. तिथं समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नावाची जुनी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. 1969 साली नौदलात आलेली ही पाणबुडी 2001 साली निवृत्त झाली आणि 2002 पासून लोकांना आतून पाहता येते. जमेल त्या प्रत्येक आईनं ती जरूर पाहावी.

लांबी सुमारे 91 मीटर, म्हणजे बाहेरून केवढी मोठी! आत गेलं की अंग चोरून चालावं लागतं. नळ्या, चक्रं, घड्याळासारख्या तबकड्या. एका भागातून दुसऱ्या भागात जायला गोल भोकातून वाकून जायचं. पाणतीरांच्या शेजारी झोपायच्या फळ्या. पंचाहत्तरेक माणसांचा स्वयंपाक ज्या जागेत व्हायचा, ती माझ्या मोरीएवढी! मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, इथं कुणी पोळ्या कशा लाटत असेल?

आता मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुड्या आल्या आहेत. 2017 साली ‘कलवरी’ आणि 2025 साली ‘वागशीर’, अशा सहा पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘खांदेरी’. थळच्या समोर समुद्रात शिवाजीमहाराजांनी 1679 साली जो किल्ला बांधायला घेतला, त्याचं नाव. हे कळलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं. त्यांची लांबी 67 मीटरच्या आसपास, माणसं चाळीसच्या वर थोडी. सोयी पुष्कळ सुधारल्या, पण ऊन नाही, वारा नाही आणि पाणी मोजून वापरायचं, हे काही बदललेलं नाही.

फोन का लागत नाही?

सुरुवातीला मी दिवसातून दहा वेळा फोन लावायची. बंद. पोटात गोळा यायचा. मग त्यानंच एकदा समजावलं. साध्या रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात खोल शिरतच नाहीत. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं ‘कट्टबोम्मन’ नावाचं केंद्र आहे. तिथून खास प्रकारच्या लहरींवर पाणबुडीला संदेश पाठवतात, आणि त्या लहरीसुद्धा थोड्या खोलीपर्यंतच पोचतात. पाणबुडीनं तो ऐकायचा, पण उलट बोलायला गेलं की ती कुठं आहे हे शत्रूला कळण्याची भीती. तेव्हा तिनं ऐकायचं आणि गप्प राहायचं.

“म्हणजे आमच्या लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांसारखंच की,” मी म्हटलं. हे वर्तमानपत्राआड गेले!

तेव्हा बायांनो, फोन बंद असणं ही वाईट बातमी नव्हे. बंद फोन म्हणजे काम नेमाने चालू आहे. हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आणि दुसरी एक गोष्ट माझ्या मनाला आधार देते. पाणबुडी खाली अडकली तर माणसं वर आणण्यासाठी नौदलाकडं 2018 पासून खास बचावयानं आहेत, पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. 650 मीटर खोलीपर्यंत जाऊन एका खेपेला चौदा माणसं आणता येतात. 2021 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाची पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा आपलं यान मदतीला निघालं होतं. ती माणसं वाचली नाहीत. त्या दिवशी मी देवापुढं बसून राहिले. पण मदतीला जायची तयारी आपल्याकडं आहे, हेही त्याच दिवशी कळलं.

तोंडाला कुलूप

आता माझी चूक सांगते. एकदा तो फोनवर बोलता बोलता म्हणून गेला की मंगळवारनंतर थोडे दिवस फोन लागणार नाही. मी भिशीत सांगितलं. जाऊबाईंच्या मुलानं घरच्या व्हॉट्सॲपवर त्याचा गणवेशातला फोटो टाकून खाली ‘मंगळवारी मोहिमेवर’ असं लिहिलं. पन्नास जणांचे नमस्कार आणि झेंडे आले. मला अभिमान वाटला.

रात्री त्याचा फोन आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, “आई, आमच्या बोटीचं सगळं बळ न दिसण्यात आहे गं. तू सांगितलंस म्हणजे आम्ही दिसलो.”

तेव्हापासून मी तारीख, वार, बंदर, बोटीचं नाव, काहीही बाहेर काढत नाही. नातेवाइकांना राग येतो, येऊ दे. सुनेलाही तेच सांगितलं.

सोबत काय द्यावं?

आईचा जीव डब्यात असतो, पण तिथं जागा नसते. म्हणून मोजकं द्या. तेलकट चकली-शेव उकाड्यात खवट होते, ती टाळा. लसणाची चटणी घरी कितीही आवडो, बंद जागेत तिचा वास सगळ्यांना सोसावा लागतो. डिंकाचे लाडू (नीट गार झाल्यावरच डबा बंद करावा), मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि बिनतेलाचं लिंबाचं लोणचं ही चांगली. काचेची बरणी नको. डबाही एकट्यापुरता देऊ नका, चार जणांत वाटता येईल असा द्या.

उदबत्त्या मात्र पिशवीतून काढून ठेवा. मी एकदा पुडा घातला होता, तो त्यानं हसत परत दिला. बॅटऱ्या भरताना त्यांतून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळं तिथं विस्तवाचा खेळ नाही. मी आता अंगाऱ्याची पुडी देते.

आणि पत्रं द्या! फोन आले तसं आपण पत्र लिहायचं विसरलो. मी जाण्याआधीच पाच-सहा पत्रं लिहून देते आणि पाकिटावर ‘पहिला रविवार’, ‘दुसरा रविवार’ असं घालते. आत काही विशेष नसतं. मांजराला पिल्लं झाली, शेजारच्यांनी गॅलरी बंद केली, हेच. तो म्हणतो, तिथं हेच वाचायला बरं वाटतं.

पहिला फोन कुणाला?

हे लिहू की नको, असं वाटलं होतं. पण लिहिते. लग्नाआधी बंदरात लागल्यावर त्याचा पहिला फोन मला यायचा. लग्नानंतर तो सुनेला जायला लागला. पहिल्या खेपेला मला ते सुनेच्या आवाजावरून कळलं, आणि मी देवघरात जाऊन उगीचच समया घासत बसले. मग विचार केला, ती पोर दीड महिना एकटीनं दिवस मोजते, रात्री दार लावून झोपते. मला निदान हे आहेत सोबतीला. आता तीच फोन ठेवल्याबरोबर मला कळवते, “आई, आले हं!” त्या तीन शब्दांवर माझं भागतं.

लपवावं की सांगावं?

सर्वांत अवघड प्रश्न हा. दोन वर्षांपूर्वी तो समुद्रात असताना ह्यांच्या छातीत दुखू लागलं. साताऱ्याला नेलं, अँजिओप्लास्टी झाली. सून रडकुंडीला आली, “कळवायचं का?” पण जाण्याआधीच तो आम्हाला सांगून गेला होता, “मी तिथून परत येऊ शकणार नाही. कळलं तर नुसता कुढेन, आणि माझ्या हातून चूक झाली तर ती सगळ्यांना महागात पडेल.” आम्ही नाही कळवलं. ते पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

तो बंदरात आला, फोन केला. मी म्हटलं, “सगळं ठीक आहे.” ह्यांनीही बळेच हसून दोन शब्द बोलून घेतले. महिन्याभरानं सुट्टीवर आला आणि औषधांची पिशवी त्याच्या नजरेला पडली. संध्याकाळभर गच्चीवर आगाशिवाच्या डोंगराकडं बघत बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, “मी पाण्याखाली असताना लपवलंस, ते बरोबरच केलंस. पण किनाऱ्यावर आल्यावर का लपवलंस? आता तू ठीक आहे म्हणालीस की मी विश्वास कसा ठेवू?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम ठरला: तो पाण्याखाली असेतो गप्प, किनाऱ्याला लागला की खरं ते सगळं. तुम्हीही असा नियम मुलाच्या संमतीनं, तो घरी असतानाच ठरवून ठेवा. आयत्या वेळी काहीच सुचत नाही.

घरी येतो तेव्हा

पहिले दोन दिवस त्याला झोपू द्या. पाहुणे बोलावू नका. भरपूर पाण्यानं आंघोळ, पालेभाजी, ताजं ताक, एवढंच त्याला हवं असतं. कपड्यांना डिझेलचा वास येतो. ते वेगळे, धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजवावेत आणि दोन उन्हं द्यावीत.

तो घरात फार हळू बोलतो, दारं अलगद लावतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीनं वेगात जातो, तिथं एक पाना पडला तरी दूरवर कुणीतरी ऐकत असतं. म्हणून माझ्या हातून ताटली पडली की तो दचकतो. मग आम्ही दोघं हसतो.

शेवटी एवढंच. तुमच्या शेजारी अशी एखादी आई असेल, तर “मुलगा कुठं आहे?” असं तिला विचारू नका. ते तिला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी सांगायचं नसतं. “तुम्ही कशा आहात?” असं विचारा, आणि जमलं तर घटकाभर बसा.