नाताळचं ताट कोणाकोणाकडे जातं

डिसेंबर लागला की वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, "काय मग, यंदा केक कधी?" केक असतोच. पण आमच्या घरात नाताळ म्हणजे ताट. गोव्यात या ताटाला 'कोंसुआद' म्हणतात, मंगळूरकडे 'कुस्वार'. पोर्तुगीजमध्ये 'कोंसुआदा' हे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचं नाव. गोव्यात ते शेजारीपाजारी वाटायच्या गोडाधोडाचं झालं. ('नाताळ' हाही पोर्तुगीजच शब्द, पण तो साऱ्या मराठीनं आपला करून टाकलाय.) आजी गोव्यातल्या साष्टीतून लग्न होऊन बेळगावात आली, तिच्याबरोबर हे ताटही घाट चढून आलं. आम्ही नातवंडं तिला माय म्हणतो.

गोठ्यासाठी डब्यात नाचणी पेरणं, चांदणी टांगणं, मध्यरात्रीची मिस्सा हे सगळं होतंच. त्यावर दुसरं कुणीतरी लिहील. मी ताटावरच लिहिते.

ताटात नेवऱ्या, कुलकुलं, चण्याच्या डाळीचं दोस आणि दोदोल. कुलकुलं आम्हा पोरांच्या वाट्याची. मैदा, अंडं आणि नारळाच्या रसात मळलेल्या पिठाची गोटी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की रेघारेघांचा शिंपला होतो. मंगळूरकडे यांनाच 'किडयो' म्हणजे किडे म्हणतात, हे कळल्यावर माझ्या धाकट्या भावानं वर्षभर ती खाल्ली नाहीत. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिच्यासाठीचं कातण आमच्या घरात कधी नव्हतंच. दिवाळी झाली की शेजारच्या काकूंकडून यायचं आणि जानेवारीत परत जायचं.

दोदोल मात्र मोठ्यांचं काम. तांदळाचं पीठ, नारळाचा दाट आणि पातळ रस, आणि माडाचा काळा गूळ. बेळगावात उसाचा गूळ हवा तेवढा मिळतो, पण त्यानं दोदोलला तो काळा रंग येत नाही आणि ती किंचित धुरकट चवही. म्हणून मायचा भाऊ चोर्ला घाटाच्या बसनं गूळ घेऊन यायचा. माडाची सूर काढणारे रेंदेर आता कमी झालेत, त्यामुळे हा गूळ गोव्यातही शोधावा लागतो. मिश्रण दोन-तीन तास सतत ढवळायचं, हात थांबला की तळाला लागलंच. बाबा आणि आई आळीपाळीनं ढवळायचे. कडेला तेल सुटून गोळा भांडं सोडायला लागला की माय म्हणायची, "आता पुरे." त्याआधी कुणी थांबायचं नाही. दोदोल इंडोनेशिया, मलेशिया, श्रीलंकेतही याच नावानं करतात, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. मायला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांचे पण हात दुखत असतील."

ताटाचे नियम पक्के. वर क्रोशाचा रुमाल, न्यायचं पोरांनीच. ताट रिकामं परत येत नाही. निदान चिमूटभर साखर तरी, आणि एका घरातून हमखास कुंदा. आणि ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे तळण होत नाही, म्हणून पहिलं ताट त्या घरी. शेजारच्या हिंदू घरांतही दिवाळीत हीच रीत, त्यामुळे ती कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

मी 9 वर्षांची असताना आजोबा गेले. त्या डिसेंबरात चांदणी नाही, तळण नाही. 24 तारखेला संध्याकाळी काकू डबा घेऊन आल्या. वर करंज्या, खाली कुलकुलं. इतकी वर्षं मायला करताना बघून त्यांनी अंदाजानं केली होती, चांगली जाडजूड. मायनं एक तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि विचारलं, "किती वेळ मळलंस गं?" दोघी आधी हसल्या, मग रडल्या.

आता मायनं ऐंशी ओलांडलीत, मनगटं चालत नाहीत. आमची जुनी ओळ पाडून तिथे बिल्डिंग झाली, काकू मुलाकडे पुण्याला गेल्या. गेल्या वर्षी दोदोल गोव्याहून विकतच आणलं. खरं सांगायचं तर चांगलं होतं, मी करीन त्यापेक्षा नक्कीच. विकतच्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण यादीची आहे. चार मजल्यांत आम्ही नीट ओळखतो ती घरं पाच. आई म्हणते, तेवढ्यांनाच देऊ; न सांगता कुणाच्या दारात ताट घेऊन उभं राहायचं म्हणजे त्यांनाही अवघड. तिचंही चूक नाही.

दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा वारले. आमची त्यांची ओळख लिफ्टपुरती. परवा यादी लिहायला बसलो, तेव्हा मायनं पहिली ओळ त्यांच्यासाठी ठेवायला लावली. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी लिहिलं : तिसरा मजला, डावीकडचं दार. त्या ताटातली कुलकुलं घरचीच हवीत, असं तिचं म्हणणं. पीठ मी मळणार आहे, ती खुर्चीत बसून सांगणार आहे. तळण रविवारी.