फुलबागेची आखणी करा मे महिन्यात

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन पाहून परतणाऱ्या रिक्षांवर नजर टाकावी. जवळजवळ प्रत्येकीत एखाद-दुसरी कुंडी असते. पिटुनियाची, डायन्थसची, नाही तर जांभळ्या-पिवळ्या पॅन्सीची. प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास बंगळूरच्या लालबागेबाहेरही हेच दृश्य. पुढचे काही आठवडे ती कुंडी व्हरांड्याची राणी असते. मार्चमध्ये पाने पिवळी पडू लागतात. पाणी वाढवले जाते, खत घातले जाते, कुंडी इकडची तिकडे हलवली जाते. मे उजाडेपर्यंत तिच्यात कडक मातीचा गोळा तेवढा उरतो आणि घरातले कुणीतरी म्हणतेच, "आमच्या हाताला गुणच नाही."

हाताचा यात काही दोष नसतो. ही झाडे हंगामी. थंडीत वाढायचे, फुलायचे, बी धरायचे आणि ऊन तापू लागले की संपायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाची बाग घ्या. २०२३ मध्ये तिचे 'मुघल गार्डन' हे नाव जाऊन 'अमृत उद्यान' झाले. तिथला हंगामी फुलांचा बहर पाहायला लोक लोटतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. हाताशी माळ्यांची फौज असूनही तो बहर वर्षभर टिकवता येत नाही. याच बागेची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एडविन लट्येन्स यांनी तिचा आराखडा १९१७ मध्येच पक्का केला होता; लागवड झाली १९२८-२९ मध्ये. म्हणजे पहिले रोप लागण्याआधी दहा-अकरा वर्षे ती बाग कागदावर उभी होती.

घरच्या बागेसाठी इतके थांबायचे कारण नाही, पण एक वर्ष थांबायला हरकत नसावी. आणि तिचा विचार प्रदर्शनाच्या जानेवारीपासून न करता मे महिन्यापासून करावा. जी बाग मेमध्ये तग धरते, तिला हिवाळ्यात नटवणे मुळीच अवघड नाही. हिवाळ्यासाठी आखलेली बाग मात्र दर उन्हाळ्यात उघडी पडते आणि दर वर्षी नव्याने खर्च मागते.

रांगोळीने आखलेली सावली

सर्वांत आधी ऊन पाहावे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला घराची व कुंपणाच्या भिंतीची सावली जिथपर्यंत पडते तिथे जमिनीवर रांगोळीची रेघ ओढावी. मुलांना हे काम फार आवडते. मेमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा असे केले, की दोन अगदी वेगळे नकाशे हाती येतात.

कारण सूर्य हलतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी पाच फुटी भिंतीची सावली मुंबईत सुमारे साडेचार फूट पडते, तर दिल्लीत ती सव्वासहा फुटांवर जाते. घर एकमजली, बारा फूट उंच असेल तर दिल्लीत त्याच्या उत्तरेची पंधरा फूट जागा थंडीभर सावलीतच राहते. तिथे गुलाब लावला तर तो उंच, किडकिडीत होईल आणि फुलणार नाही. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन हवे. उलट मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो थोडा उत्तरेकडेच असतो. हिवाळाभर उत्तरेच्या पायरीवर सुखात राहिलेले नेचे आणि बिगोनिया उन्हाळ्यात एकाएकी करपतात ते यामुळे. दृष्टबिष्ट लागलेली नसते!

पश्चिमेची भिंत ही बागेतली भट्टी. तिच्याकडेला बोगनवेल, मधुमालती, कण्हेर अशी काटक मंडळी ठेवावीत. पूर्वेची बाजू सर्वांत भाग्याची. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली. अनंत, अबोली, जास्वंद तिथे खूश असतात. मोगऱ्याला मात्र भरपूर ऊन लागते. सावलीत तो पानांनी गच्च भरतो आणि कळीसाठी तरसवतो.

नऊ बादल्यांची हिरवळ

दुसरा हिशेब पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर १० लिटरची एक बादली ओतली, की ते पाणी एक सेंटिमीटर पावसाएवढे होते. घरापुढे हिरवळ हवी असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. शंभर चौरस फुटांच्या हिरवळीला एवढे एक सेंटिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर नऊ बादल्यांहून अधिक लागते आणि उन्हाळ्यात ते वारंवार द्यावे लागते. ज्या गावात नळाला दिवसाआड तासभर पाणी येते, तिथे ही चैन की घरातल्या बाईच्या डोक्याला ताप, हे ज्याच्या त्याने ठरवावे. हिरवळीची इतकीच हौस असेल तर ती सतरंजीएवढी ठेवावी आणि बाकीच्या जागेत फरशी, विटा किंवा बारीक खडी पसरावी.

झुडपांचे तसे नसते. मूळ धरलेला चाफा, तगर, बोगनवेल किंवा कण्हेर आठवड्यातून एक-दोनदा पोटभर पाण्यावर मे काढते. बोगनवेलीला तर जास्त पाणी दिले की पानेच वाढतात. थोडी तहान लागू दिली की ती रंगांनी भरते. झाडाभोवती आळे करून त्यात वाळलेल्या पानांचा चार बोटे जाड थर दिला, की पाणी दुप्पट काळ टिकल्यासारखे वाटते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी खुशाल बागेत घालावे. धुण्याचे साबणाचे पाणी मात्र वाफ्यात नको.

नव्या घराभोवती जमिनीचीही परीक्षा करावी लागते. बांधकाम संपले की विटांचे तुकडे, चुना, सिमेंट यांवर दोन इंच लाल माती पसरून दिली जाते. वरून सगळे छान दिसते आणि रोपे महिन्याभरात माना टाकतात. वाफ्याची जागा दीड फूट खणून हा राडारोडा काढावा. मग एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसेच दिसले तर तिथे गुलाब-मोगऱ्याची मुळे कुजणार हे नक्की. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत हे हमखास घडते. भरपूर शेणखत मिसळून वाफा सात-आठ इंच उंच करणे हा त्यावरचा सोपा उपाय. कोकणात आणि गोव्यात तर खरी परीक्षा मेपेक्षा जुलैची; तिथे वाफे उंचच हवेत.

आजीची परडी आणि मुलांचा चेंडू

आता चौकटीचा कागद घ्यावा. एक चौकट म्हणजे एक फूट. घर, फाटक, नळ, कपडे वाळत घालायची तार, स्कूटरची जागा, सेप्टिक टँकचे झाकण हे सगळे आधी काढावे. माणसे ज्या वाटेने रोज चालतात ती वाट आखावी. फाटकापासून दारापर्यंत माणूस सरळ चालतो, वळणदार वाट आखली तर तो वाफ्यातून पाय टाकून जातो. वाट निदान अडीच-तीन फूट रुंद असावी, म्हणजे हातात पिशव्या असल्या तरी झुडपांना घासत जावे लागत नाही. भिंतीलगतचा वाफा दोन-अडीच फुटांहून रुंद नसावा. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर चार फुटांपर्यंत चालेल. यापेक्षा मोठा केला की खुरपणी करायला वाफ्यात उतरावे लागते आणि माती दडपते.

उरलेल्या चौकटींवरून घरात वाद होतो आणि तो व्हावाच. आजींना पूजेसाठी रोज परडीभर फुले हवी असतात. सुनेला फुले झाडावरच शोभतात असे वाटते. मुलांना चेंडू खेळायचा असतो. एकच वाफा सगळ्यांना पुरा पडत नाही, म्हणून पूजेची झाडे वेगळी धरावीत. मागच्या दारी तगर, जास्वंद, पांढरी सदाफुली, कोरांटी आणि तुळस असली, की पुढच्या वाफ्यातल्या शेवंतीला कुणी हात लावत नाही. मुलांची धावपळ जिथे असते तिथे कडेला कर्दळ किंवा तगर लावावी. चेंडू लागून फांदी मोडली तरी ती पुन्हा फुटते.

पहाटे फिरायला निघून कुंपणावरून दुसऱ्याच्या फुलांनी पिशवी भरणारी मंडळी सगळ्याच गावांत आहेत. त्यांच्याशी भांडून उपयोग होत नाही. कुंपणालगत काटेरी बोगनवेल सोडावी आणि जास्वंद आत, हात पोचणार नाही इतकी मागे घ्यावी.

लहान मुले असलेल्या घरात कण्हेरीबाबत मात्र सावध असावे. ती सर्वांगी विषारी आहे आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर जीवघेण्या. खेळताना मुले त्या बिया गोळा करतात. अशा घरी तिच्याऐवजी तगर किंवा बोगनवेल बरी. रातराणीने साप येतो ही भीती मात्र सोडून द्यावी. साप येतो तो अडगळीतल्या उंदरा-बेडकांमागे, सुगंधामागे नव्हे. फक्त ती झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नसावी. तिचा उग्र वास काहींचे डोके दुखवतो.

बहराचे पंचांग

झुडपे म्हणजे बागेचे घर आणि हंगामी फुले म्हणजे सणासुदीची तोरणे. घर आधी, तोरणे नंतर. चाफा, पारिजातक, तगर, जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांतली पाच-सहा झुडपे निवडून ती जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर लावावीत. खड्डे मेमध्येच खणून तापू द्यावेत. वड-पिंपळ-उंबर बंगल्याच्या आवारात नकोतच. गुलमोहरही नको, त्याची मुळे वरच्या थरात पसरतात आणि फांद्या वाऱ्याने मोडतात.

या घराला मग महिन्यांप्रमाणे रंग चढवता येतो. पावसाळ्यात तेरडा, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा. झेंडू पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी फुलतो, म्हणून दसऱ्याचा झेंडू जुलैत पेरावा लागतो. गणपती गेल्यावर पेरलेला झेंडू दसऱ्याला पानेच दाखवतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फुले थोडी उशिरा, पण दुपटीने येतात. त्याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, थंडीच्या फुलांचे बी पेरावे: ॲस्टर, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, डायन्थस, पिटुनिया. दिल्ली-लखनौ-इंदूरकडे पॅन्सी, स्वीट पी आणि हॉलीहॉकही उत्तम येतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्या वाटेला जाऊ नये. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात केली की सहा-आठ आठवड्यांनी फुले येतात.

शेवंतीची एक खोड आहे. रात्र मोठी झाली की तिला कळी धरते. रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश रात्रभर अंगावर पडत असेल तर तिला रात्र झाल्याचे कळतच नाही आणि दिवाळी उलटली तरी ती हिरवीच राहते. खत बदलण्याआधी कुंडी दिव्याच्या आड सरकवून पाहावी.

आणि मे? मोगरा, चाफा, बोगनवेल, सदाफुली, गेलार्डिया, पोर्टुलाका म्हणजे आपली ऑफिस टाइमची फुले, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी. यादी लहान नाही. या सगळ्यांची सोय आधी झाली असेल तर नागपूरच्या उन्हातही फाटक उघडताच काहीतरी फुललेले दिसते.

रंग आणि वेळ

गर्ट्रूड जेकिल ही इंग्रज बाई मुळात चित्रकार. दृष्टी फार अधू होत गेली आणि ती बागेकडे वळली. लट्येन्सने तिच्याबरोबर कितीतरी बागा केल्या. एकाच फुलाची रोपे लांबट पट्ट्यात एकत्र लावायची आणि रंग शांतावरून भडकाकडे, पुन्हा शांताकडे न्यायचे, ही तिची रीत. आपल्या आठ फुटी वाफ्यालाही ती लागू पडते. आठ जातींचे एकेक रोप लावले तर नर्सरीचे दुकान दिसते. दोन जातींची दहा-दहा रोपे लावली की बाग दिसते. उंच रोपे मागे, बुटकी पुढे.

आपल्याकडच्या कडक उन्हात फिके गुलाबी-निळे रंग दुपारी पुसल्यासारखे होतात. तिथे लाल, केशरी, पिवळाच टिकतो. पण घरातली माणसे बागेत केव्हा बसतात तेही पाहावे. दोघेही नोकरीवरून सातला परतत असतील तर त्यांच्यासाठी दुपारचे रंग व्यर्थ. बसायच्या बाकाजवळ पांढरी आणि वासाची फुले हवीत. मोगरा, निशिगंध, जुई, कुंदा. अंधारात तीच दिसतात.

फ्लॅटमधल्या बाल्कनीलाही हेच सगळे लागू आहे, फक्त वजनाचे भान हवे. बारा इंची मातीची कुंडी भिजली की पंचवीस किलोंच्या आसपास जाते. अशा कुंड्या घराच्या भिंतीकडे, आतल्या बाजूला ठेवाव्यात. कठड्यावर किंवा कठड्याबाहेर एकही नको. दिशा एकच असल्याने निवड उलट सोपी होते. पश्चिमेच्या बाल्कनीत बोगनवेल आणि सदाफुली, पूर्वेला अनंत आणि जास्वंद. उत्तरेला फुलांचा हट्ट न धरता नेचे, मनीप्लँट आणि रंगीत पानांची झाडे लावावीत, आणि मेमध्ये त्यांच्यावर ऊन येऊ लागले की जुन्या साडीचा पडदा सोडावा. सुती साडीची सावली त्यांना नेमकी मानवते.